झेंडा कमरेच्या वर

डिंडोली, सुरत
७ जानेवारी २०२६

आदरणीय अश्विनीवहिनी यांस,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे सर्व ठीक आहोत. तुम्ही, छोटी यशू आणि मलकापूरची सर्व मंडळी बरी असाल अशी आशा करते. यंदा सुरतेतही थंडी आहे. आईचा गुडघा सकाळी धरतो, ऊन आलं की सोडतो. यशूला बालवाडीत घातल्याचं लीलाकाकूंकडून कळलं. त्यांची बहीण तुमच्याच बाजूला राहते ना, त्यामुळे आम्हाला तुमची बातमी मिळते. तुमच्याकडूनच मिळाली असती तर बरं वाटलं असतं, पण ते असो.

तुमचा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, उचलला जात नाही. बाबा म्हणाले, पत्र लिही, आलेलं पत्र कोणी परत पाठवत नाही. म्हणून लिहिते.

विशेष हे की, मी जिथे काम करते त्या पर्वत पाटिया भागातल्या भाईदास शेठनी एक नवीन छापील साडी काढली आहे. तिचं नाव ‘मैत्री’. आपल्या देशाचा आणि अमेरिकेचा संरक्षणाचा दहा वर्षांचा करार झाला, दोन्ही फौजा आणखी जवळ येणार, एकत्र सराव वाढणार, त्या आनंदात ही साडी आहे. २५ तारखेला संध्याकाळी इथल्या एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नाच्या मैदानावर, तिचा कार्यक्रम आहे. अमेरिकेतले दोन व्यापारी आणि तिकडच्या सैन्यातले एक निवृत्त साहेब येणार आहेत. दादा राजस्थानात अमेरिकन सैन्याबरोबरच्या सरावाला गेला असताना आपल्यातून गेला, म्हणून शेठनी आपल्या घराचा सत्कार ठेवला आहे.

तुम्ही यावं, ती साडी नेसून स्टेजवर यावं आणि यशूलाही आणावं, अशी बाबांची फार इच्छा आहे. तिकिटाची व्यवस्था शेठ करतील. दादाने शेवटच्या क्षणी काय केलं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहेत. वाचायचं काम मला दिलं आहे.

साडी कशी आहे ते आल्यावर दिसेलच. पदर चांगला झाला आहे.

तुम्ही यशूला घेऊन माहेरी गेलात तेव्हा जे बोलणं झालं, ते आता बाबांच्या मनात नाही. तुमच्याही मनात नसावं. हे वाक्य बाबांनी सांगितलं तसं लिहिलं आहे.

बाबांनी पत्र वाचलं. त्यांच्या मंगल कामना. आईने काही सांगितलं नाही, ती कामात आहे.

आपली नणंद,
प्रज्ञा


डिंडोली
१५ जानेवारी

वहिनी,

हे पत्र बाबांनी वाचलेलं नाही, म्हणून तुला नेहमीसारखं ‘तू’ म्हणते. पहिलं पत्र मिळालं असेल आणि तू बॅग भरली असशील, तर रिकामी कर. भरली नसशील तर फारच चांगलं.

तू येऊ नकोस. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग तुला वाटेल की आमच्या घराने एकदा बोलावलं आणि एकदा हाकललं, म्हणून कारण लिहिते. क्रमाने लिहिते. एक गोष्ट मात्र मागे ठेवते आहे. ती लिहायला हात होत नाही. सगळं लिहून झाल्यावर बघू.

शेठचा मेहुणा हिऱ्यांच्या धंद्यात आहे. अमेरिकेने जकात वाढवली तेव्हा त्याचं काम अर्ध्यावर आलं. त्या दिवसांत शेठ टीव्हीसमोर बसून अमेरिकेला अशा शिव्या द्यायचा की आम्ही मुली उठून जिन्यात जाऊन उभ्या राहायचो. मग फौजांचा करार झाला. जकात आहे तिथेच आहे, पण शेठचं म्हणणं असं की फौजा गळ्यात गळा घालायला लागल्या की धंदा मागून येतोच. त्याने सगळ्यांना घारीची मिठाई वाटली. त्याच तुपकट हाताने योगेशच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, यावर साडी काढ.

योगेश संगणकावर डिझाइन करतो. ते छापायला जाण्याआधी मी तपासते. रंग उतरतोय का, नक्षीचा जोड कुठे तुटतोय का, काठ सरळ चालतोय का. पहिल्या आराखड्यात खालच्या काठाला दोन्ही देशांचे झेंडे होते, एकाआड एक, आणि पदरावर दोन सैनिक. सैनिकांच्या जागी तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या होत्या. फोटो यायचा होता.

मी शेठला सांगितलं की तिरंगा कमरेखाली येईल असा कपडा करता येत नाही, तसा कायदा आहे. तुला माझा स्वभाव माहीत आहे. असं काही दिसलं की न सांगता मला जेवण जात नाही. शेठ आधी चिडला. मग त्याने वकिलाला फोन केला. मग सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “आ छोकरीए आपणने बचावी लीधा.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दिवसभर बरं वाटत राहिलं.

योगेशने बसल्या बसल्या अदलाबदल केली. झेंडे वर पदरावर गेले. सैनिक खाली काठाला आले, अगदी पायाशी, साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढच्या आठवड्यात फोटो आला. मी पडद्यावर काठ मोठा करून जोड तपासत होते.

दादा होता.

तुझ्याकडेही आहे तोच फोटो. दादा आणि तो अमेरिकन मुलगा, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, दादाच्या हातात चहाचा पेला. दादाच्या पलटणीतल्या हिलालदादांनी काढलेला. योगेशने पेला काढून तिथे बंदूक घातली होती. छातीवर दोन पदकं घातली होती, जी दादाला कधीच मिळाली नव्हती. आणि दादाला गोरा केला होता. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, शेठ म्हणतात दोघांचा रंग जुळला पाहिजे, नाहीतर मैत्री दिसणार कशी.

हा माझा भाऊ आहे हे योगेशला माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली. मग हळूच म्हणाला, “मग तूच बघून सांग ना, नाक बरोबर आलंय का.” तो वाईट नाही वहिनी. त्याला दुसरं काही सुचलं नाही. पण नाक तपासायला मी तिथे थांबले नाही.

शेठला माहीत होतं. मी त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, माझा भाऊ बायकांच्या पायाशी येईल. चिखलात लोळेल, जिना चढताना त्याच्या तोंडावर पाय पडेल. वर झेंडे राहू द्या, पण खालून त्याला काढा. शेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मला बसवलं, पाणी मागवलं, आणि अगदी मायेने म्हणाला, “बेटा, झंडे का कानून है. चेहरे का कोई कानून नहीं है. और ये तो तूने ही बताया मुझे.”

यावर काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही. तू विचार करून बघ. तुला सापडलं तर मला सांग.

पहिल्या छपाईत रंग फुटून पसरला. तसे तुकडे फेकून देत नाहीत, यंत्र पुसायला ठेवतात. संध्याकाळी निघताना मी पाहिलं, मशीनवाला दादाच्या तोंडाने शाईची नळी पुसत होता. पुसून झाल्यावर त्याने त्याच फडक्याने बोटं पुसली आणि ते खिशात कोंबलं. हे तुला लिहू नये असं वाटत होतं. पण मी एकटीने ते पाहून ठेवायचं, हेही मला झेपत नाही.

तू म्हणशील, तरी तू ते पहिलं पत्र का लिहिलंस? बाबा समोर बसले होते. मी लिहिलं. पदर चांगला झाला आहे असं लिहिलं, आणि ते खरं आहे. पदर चांगलाच झाला आहे.

पत्र टाकून आले आणि दोनच दिवसांनी साड्या आपल्या गल्लीत आल्या.

खडे चिकटवायचं काम इथे कसं चालतं ते तुला सांगायला नको, तूही आईजवळ बसून केलं आहेस. लीलाकाकूंनी नेहमीसारखे गठ्ठे आणले आणि ओट्यावर सोडले. पाच-सहा जणी बसल्या. या वेळी खडे पदकांवर आणि बंदुकीच्या नळीवर लावायचे होते, झेंड्यांच्या कडेने चमकी. मी कामावरून आले तेव्हा हशा चालला होता. कुणीतरी म्हणत होतं, माझ्या लग्नाच्या शालूला एवढी चमक नव्हती. लीलाकाकू चष्मा वर करून म्हणाल्या, “अगं, यातला आपला कोणता आणि गोरा कोणता? मला तर दोघं एकाच आईचे दिसतात.”

आईने साडी हातात घेतली होती. ती म्हणाली, “हा आपला.”

“कशावरून गं सीताबाई?”

“कानावरून,” आई म्हणाली. “ही पाळी बघा कशी बाहेर आलीय. मी रोज तेल लावून दाबायची, बसलीच नाही.”

लीलाकाकूंनी सगळ्यांच्या मांडीवरून साड्या ओढून घेतल्या, गठ्ठा बांधायला लागल्या. म्हणाल्या, मी आत्ताच परत नेऊन टाकते, त्या मेल्याच्या तोंडावर टाकते. आईने गठ्ठ्यावर हात ठेवला.

“परत नेलं तर दुसऱ्या गल्लीत जाईल,” ती म्हणाली. “राहू द्या. मी लावते.”

ती लावते आहे, वहिनी. सगळ्या साड्या तिने घरात घेतल्या. दिवसभर दारात उजेडाला बसते आणि चिमट्याने एकेक खडा उचलून त्याच्या छातीवर ठेवते. मी म्हणाले, आई, ती पदकं खोटी आहेत. ती म्हणाली, असू दे, वाकडी नको दिसायला. घरभर त्या गोंदाचा वास आहे. भाकरीला येतो, पाण्याला येतो. रात्री मी डोकं पांघरुणात घालते तर पांघरुणालाही येतो. मला कशाची किळस येते ते आता वेगळं काढता येत नाही. गोंदाची, शेठच्या मायेची, की माझी मलाच.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तुझा गैरसमज नको. मला त्या कराराचा राग नाही. दोन देशांनी एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं तर त्यात मला वाईट काही दिसत नाही. त्यातलं मला फार कळतही नाही. दादाला तो सराव आवडला होता. त्यांची माणसं नकाशा कसा वाचतात ते फोनवर रंगवून सांगायचा. तो अमेरिकन मुलगा चहात चार चमचे साखर घेतो म्हणून त्याला हे सगळे ‘जावई’ म्हणायचे. दादा गेल्यावर त्या मुलाने हिलालदादांना फोनवर निरोप पाठवला होता. हिलालदादांनी तो मला दाखवला आणि मी त्यांना मराठीत करून सांगितला. त्याने लिहिलं होतं की मी अजून चहा तसाच करतो, आणि दर वेळी वाईट वाटतं. या सगळ्यात तेवढी एकच गोष्ट मला स्वच्छ वाटते. ती साडीवर कुठेच नाही.

आता मी तिथे काय वाचणार होते ते. शेठने मला मजकूर दिला. त्यात असं आहे की ट्रक उलटत असताना जवान प्रमोदने आपल्या अमेरिकन साथीदाराला बाहेर ढकलून वाचवलं आणि स्वतःचे प्राण दिले. त्याच्या रक्ताने दोन देशांची मैत्री पक्की झाली. हे ऐकून तू पुढे यायचं, यशूला कडेवर घेऊन, आणि निवृत्त साहेबांनी तुला हार घालायचा.

हिलालदादा दादाची ट्रंक घेऊन आले होते तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. ते काय म्हणाले ते तुलाही पाठ असेल. सराव संपला होता. अमेरिकन लोक आदल्या दिवशीच विमानाने गेले होते. ट्रकमध्ये स्वयंपाकाची मोठी भांडी होती आणि मागे दादा बसला होता, कारण भांडी बांधायला त्याने मदत केली होती. वळणावर रस्त्यावर वाळू आली होती. ट्रक घसरला. चालवणाऱ्याची चूक नव्हती, कोणाचीच नव्हती. हिलालदादा पुढच्या गाडीत होते, त्यांनी आवाज ऐकला आणि पळत मागे गेले. एवढंच.

तो अमेरिकन मुलगा जिवंत आहे वहिनी. त्याच्या घरी आहे. उद्या कोणी हा फोटो त्याला दाखवेल आणि म्हणेल, याने तुला वाचवलं. तो काय म्हणेल? मी त्या दिवशी तिथे नव्हतो, हेच म्हणेल ना? की लाजेने तोही गप्प बसेल?

मी शेठला म्हणाले, हे असं झालेलं नाही. तो म्हणाला, मला काय माहीत, मी घरच्यांनी सांगितलं ते लिहवून घेतलं. घरचे कोण, असं मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

आता लिहिते.

फोटो बाबांनी दिला. ही गोष्टही बाबांनी दिली.

ते शेठच्या दुकानात गेले होते, मला न सांगता. आधी मला वाटलं, शेठने त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं असेल आणि फुगवलं असेल. म्हणून मी रविवारी त्यांनाच विचारलं. ते खिडकीच्या दांडीला आरसा अडकवून दाढी करत होते. मी म्हणाले, बाबा, त्या ट्रकमध्ये अमेरिकन कोणी नव्हतं.

त्यांनी वस्तरा थांबवला नाही. आरशातूनच म्हणाले, “तू होतीस का तिथं?”

वहिनी, हे तुला कसं समजावू? आम्ही बारडोलीकडे ऊसतोडीला असताना मला शाळा नव्हती. तिसरीत बसले तोपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबा. ते दिवसभर ऊस तोडायचे आणि संध्याकाळी पत्र्याच्या तुकड्यावर चुन्याने अक्षरं काढून द्यायचे. मी वाक्य लिहिलं की बोट ठेवून विचारायचे, हे तू पाहिलंस, ऐकलंस, की तुला तसं वाटतं? वाटत असेल तर ‘वाटतं’ असं लिही. मी ‘पाऊस येणार’ लिहिलं तरी खोडायला लावायचे. माझ्यात जे काही धड आहे ते त्या पत्र्यावरचं आहे. आणि त्याच पत्र्याने त्यांनी मला गप्प केलं. तू होतीस का तिथं? मी नव्हते. म्हणजे मला बोलायचा अधिकार नाही, आणि त्यांना आहे.

मी म्हणाले, हिलालदादा होते. ते म्हणाले, हिलाल पुढच्या गाडीत होता, त्याने काय पाहिलं? मी म्हणाले, मग तुम्ही काय पाहिलंत?

तेव्हा त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “भांडी घेऊन येताना गेला, हे मी किती दिवस सांगत राहू? लूमच्या कारखान्यात विचारतात, तुमचा मुलगा कसा गेला. मी सांगतो. ते ‘अच्छा’ म्हणतात आणि तंबाखू मळायला लागतात. परवापासून लोक उठून उभे राहतात. तुला माहीत आहे का, उभे राहतात.”

मला त्यांची दया यायला हवी होती. आली पण. पण दयेच्या आधी जे आलं ते मी तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. त्यांच्या गालावरचा तो फेस वाळत चालला होता आणि मला त्यांच्याकडे बघवेना. बाबांकडे बघवेना. मला वाटलं, यांच्या हातून मी अक्षर शिकले तो हात मला आत्ता लागू नये. एवढं वाईट मला कधी कोणाबद्दल वाटलं नव्हतं, शेठबद्दलही नाही. शेठ कोण, तो कापड विकतो. बाबांनी दादाला विकलं नाही, हे मला कळतं. त्यांनी एक पैसा घेतला नाही. त्यांनी त्याला बदलून घेतलं. जो होता तो देऊन दुसरा आणला, गोरा, पदकंवाला, आणि आता तो दुसराच आपला, असं ते आम्हाला सांगत आहेत.

तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. ते जेवताना ताट सरकवून घेतात, मी वाढते.

मी शेठला कळवलं की वाचायचंच असेल तर मी जे झालं तेच वाचेन. तो हसला. म्हणाला, असं वाचलं तर साडी कोण घेणार. त्याने कोणी निवेदक ठरवला आहे, त्याचा आवाज फार भारी आहे म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही. योगेशचा फोन आला होता, मी उचलला नाही. तू आमचे फोन का उचलत नसशील ते तेव्हा थोडं कळलं.

कार्यक्रम होणारच आहे. तो थांबवणं माझ्या हातात नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. बाबा स्टेजवर जाणार. आई त्यांच्याबरोबर जाणार, तिच्या विहारात जायच्या पांढऱ्या साडीत, समोर खुर्चीवर बसणार. मी विचारलं, तू कशी जाऊ शकतेस? ती चिमट्याने खडा उचलत होती. म्हणाली, “तसं बोलून झाल्यावर ते एकटे घरी कसे येतील?” आणि मग म्हणाली, “अश्विनीला लिही. म्हणावं, येऊ नको. तिला बघितलं तर त्यांना सगळं खरंच वाटायला लागेल, आणि मग पोरीलाही तेच सांगतील.”

म्हणून येऊ नकोस. तू आणि यशू नसलात तर ते एका म्हाताऱ्याचं बोलणं राहील, टाळ्या वाजतील आणि लोक जेवायला जातील. तू त्या साडीत उभी राहिलीस, यशूच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला, की मग ते घडलेलंच होईल. यशू मोठी झाल्यावर तो फोटो बघेल. तिला तिच्या बापाचा रंगही ठाऊक राहणार नाही.

आईचं सांगणं एवढंच. माझं पुढे आहे.

२५ तारखेला सकाळच्या गाडीने मी सुरतेहून निघते. भुसावळला गाडी बदलून संध्याकाळी मलकापूरला पोचेन. मी तुला विचारत नाही, कारण तू नाही म्हणालीस तर मला इथे राहावं लागेल. तुला मी नको असेन तर स्टेशनवर बसून रात्रीच्या गाडीने परत फिरेन, मनात काही धरणार नाही. पण त्या संध्याकाळी मला अशा कुठल्या तरी घरात बसायचं आहे, जिथे दादा ट्रक उलटून गेला एवढंच सांगितलं तरी पुरतं, आणि कोणी उठून उभं राहत नाही.

यशूला तू काय सांगितलं आहेस मला माहीत नाही. मला विचारलं तर मी ट्रक सांगेन, वळण सांगेन, भांडी सांगेन. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, हेही सांगेन. जास्त काही मला येत नाही.

हे पत्र फाडू नकोस. तिला वाचता येईपर्यंत ठेव.

जयभीम.
तुझी,
प्रज्ञा